दीन म्हणजे दीन नव्हे

गेल्या काही महिन्यांत एकच फॉरवर्ड माझ्याकडे किमान पाच वेळा आला. त्यातला मजकूर थोडक्यात असा: मुसलमान आपल्या धर्माला 'दीन' म्हणतात, दीन हा संस्कृत शब्द, अर्थ गरीब, लाचार, केविलवाणा, म्हणजे हे लोक स्वतःच कबूल करतात की आपण लाचार आहोत. खाली हसणारे चेहरे, आणि 'जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा'. पाठवणाऱ्यांत एक निवृत्त शिक्षक होते. त्याचे जास्त वाईट वाटले.

दुसरा निरोप आमच्या बाजूने आला. तो फोनवरून आला नाही, एका पालकांनी समोर उभे राहून दिला. मुलाच्या वहीत 'दीनदुबळ्यांची सेवा' असे निबंधाचे वाक्य होते. ते म्हणाले, "सर, आमच्या पोराला असलं लिहायला लावू नका. दीन कधी दुबळा असतो का? हा दीनचा अपमान आहे."

हे दोघे कधी एकमेकांना भेटलेले नाहीत, भेटले तर बहुधा भांडतील. पण त्यांचा सिद्धांत एकच आहे: आवाज सारखा म्हणजे शब्द एक. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, तेव्हा दोघांनाही एकदाच उत्तर देतो. हा सिद्धांत खोटा आहे. आणि तो निरुपद्रवीही नाही.

निरुपद्रवी का नाही, ते आधी सांगतो. एका मराठी शाळेतल्या, दहावीतल्या मुलाने मला विचारले, "सर, बोर्डाच्या फॉर्ममध्ये नावातलं 'उद्दीन' काढून टाकता येईल का?" मुलाचे नाव सांगत नाही. वर्गात त्याला 'दीनवाणा' म्हणतात. आधी गंमत होती, मग फॉरवर्ड आला आणि गमतीला पुरावा मिळाला. त्यात भर म्हणून शिवकालावरचे सिनेमे. त्यांत एका बाजूने 'हर हर महादेव' आणि दुसऱ्या बाजूने 'दीन, दीन' ओरडत धावणारे लोक. म्हणजे ह्या पोराच्या नावाचा शेवटचा तुकडा वर्गात एकतर भिकारी तरी किंवा शत्रू तरी. दहावीच्या प्रमाणपत्रावरचे नाव पुढे आयुष्यभर चिकटते. नंतर बदलायचे तर प्रतिज्ञापत्र, राजपत्र, हेलपाटे. पंधरा वर्षांच्या मुलाने आजोबांनी ठेवलेले नाव एका चुकीच्या व्युत्पत्तीपायी कापावे, एवढी ताकद ह्या फॉरवर्डमध्ये आहे. आम्ही सणसवाडीचे लोक. कोरेगाव भीमा इथून हाकेच्या अंतरावर. १ जानेवारी २०१८ ला पुणे-नगर रस्त्यावर जे झाले ते पाहिल्यावर, फिरणारा कुठलाही मजकूर 'जाऊ द्या हो, गंमत आहे' म्हणून सोडून देणे मला जमत नाही.

आता शब्दाकडे वळू.

संस्कृत 'दीन' हा विशेषण. व्याकरणकार त्याला 'दी' म्हणजे क्षीण होणे, झिजणे ह्या धातूशी जोडतात. त्याचे भाववाचक नाम दैन्य. मराठीत दीन, दीनवाणा, दीनदुबळा, दीनानाथ. 'दिन' म्हणजे दिवस हा आणखी वेगळा. शाळेत ऱ्हस्व-दीर्घाच्या स्वाध्यायात आम्ही ही जोडी हमखास देतो, कारण बोलताना दोन्ही जवळजवळ सारखे ऐकू येतात आणि अर्थाचा एकमेकांशी काही संबंध नाही. म्हणजे एकाच भाषेतले दोन सारखे शब्द वेगळे असू शकतात हे आपण सातवीच्या पोराला शिकवतो, आणि दोन भाषांची गोष्ट आली की मोठी माणसे ते विसरतात.

अरबी 'दीन' ह्या झाडाचे नाहीच. अरबीत बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या सांगाड्यावर उभे राहतात. इथला सांगाडा द-य-न. त्यावरून दीन म्हणजे धर्म, आचरणाची वाट, आणि न्यायनिवाडा, हिशेब, बदला हाही अर्थ. सूरह फातिहा प्रत्येक नमाजात म्हटली जाते. तिच्यात दीनचा अर्थ हाच, निवाड्याचा दिवस. त्याच सांगाड्यावरून दैन म्हणजे कर्ज, दाइन म्हणजे सावकार, मदयून म्हणजे कर्जदार, दय्यान म्हणजे न्याय करणारा. अरबीची बहीण हिब्रू. तिच्यातही दीन म्हणजे न्याय, आणि यहुद्यांच्या धर्मन्यायालयाला 'बेथ दीन' म्हणतात. दयान म्हणजे न्यायाधीश. इस्रायलच्या मोशे दायान ह्यांचे आडनाव तेच. दानियेल ह्या नावातही हाच न्याय बसलेला आहे: देव माझा न्यायाधीश. कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल घरांत दानियेल नावाची माणसे पिढ्यान्‌पिढ्या झाली. त्यांना कोणी दैन्याशी जोडल्याचे ऐकले नाही. तिथे शेवटी 'उद्दीन' नसतो, म्हणून बहुतेक सुटले.

'मदीना' म्हणजे शहर. तोही ह्याच गोतातला, अरामी भाषेच्या वाटेने आलेला: जिथे एका न्यायाचा अंमल चालतो तो मुलूख. हिब्रूत 'मेदिना' म्हणजे राज्य. आणि संस्कृतात 'मेदिनी' म्हणजे पृथ्वी! ही जोडी फॉरवर्डवाल्यांच्या हाती अजून लागलेली दिसत नाही. लागली की बघा. मेदिनी हा 'मेद' म्हणजे चरबीवरून आलेला शब्द. मधु-कैटभाच्या मेदाने पृथ्वी झाली ही पुराणकथा त्यामागे आहे. त्याचा मदीनेशी संबंध शून्य.

उर्दूच्या वर्गात मी फळ्यावर तीन अक्षरे लिहितो: दाल, ये, नून. जेर-जबर काहीच देत नाही. मग विचारतो, वाचा. एक मूल 'दीन' वाचते, धर्म. दुसरे 'दैन' वाचते, कर्ज. तिसरे 'देन', जसे खुदा की देन, म्हणजे देणगी. एखादे हिंदी पुस्तके वाचणारे मूल म्हणते, दीन म्हणजे गरीबपण होतो की सर. चारही बरोबर. पहिले दोन अरबी, पुढचे दोन संस्कृतच्या घरचे. तीन अक्षरांच्या एका खोलीत चार भाडेकरू राहतात, त्यातले दोन सख्खे आणि दोघांचे तिसऱ्याशी नातेच नाही. प्लॅट्ससारख्या जुन्या उर्दू कोशकारानेही धर्मवाला दीन आणि गरीबवाला दीन वेगळाले मांडले. उर्दू वाचणाऱ्याला ह्यात काही धक्का बसत नाही, कारण त्याला रोजच संदर्भ पाहून वाचावे लागते.

ह्यातला 'दैन' नीट बघा, कारण खरी परीक्षा तिथे आहे. अरबी दैन म्हणजे कर्ज. मराठी 'देणे' म्हणजेही कर्ज: देणेकरी, देणे फिटले, दुकानदाराचे देणे आहे. आवाज जवळ, अर्थ तर तंतोतंत तोच. निकाहनाम्यात महर हे नवऱ्यावरचे कर्ज धरले जाते, म्हणून त्याला 'दैन-महर' म्हणतात. बंगालीत त्याचेच 'देनमोहर' झाले. आमच्या इथल्या कारखान्यांत बंगालकडची पोरे कामाला असतात, त्यांतल्या एकाला मी विचारले, देन म्हणजे काय? तो म्हणाला, देना, जो देना है वो. त्याच्या कानाने अरबी शब्दाला घरच्या शब्दाचे कपडे घालून टाकले होते. कुराणातली सगळ्यात लांब आयत, सूरह बकराची २८२वी, ह्याच दैनबद्दल आहे: उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार घ्या. मराठी सावकारी वहीतला 'येणे-देणे'चा रकाना आणि ती आयत एकाच गोष्टीबद्दल बोलतात. तरीसुद्धा हे शब्द परके आहेत. आपले देणे 'दा' धातूचे, म्हणजे दान, दाता ह्यांच्या कुळातले. अरबी दैन द-य-न च्या कुळातला. आवाज जुळला, अर्थ जुळला, नाते नाही.

मग धर्म आणि गरिबी ह्या दोन 'दीन'मध्ये तर अर्थही जुळत नाही. तिथे नाते कशाच्या जोरावर सांगता?

जगात अशा जोड्या पुष्कळ सापडतात. फारसी 'बद' म्हणजे वाईट, आपल्या बदनाम-बदमाशमधला. इंग्रजी 'बॅड' म्हणजेही वाईट. भाषा अभ्यासणारे हे उदाहरण मुद्दाम देतात, कारण दोघांचा काही संबंध नाही. माणसाच्या तोंडातून निघणारे आवाज मोजके, भाषा हजारो, टक्कर होणारच. उलट खरे नातेवाईक अनेकदा ओळखूही येत नाहीत. मराठी 'चाक' आणि इंग्रजी 'व्हील' हे एकाच जुन्या शब्दाची लेकरे आहेत. तोंडवळा बघून सांगता आले असते का?

नाते ठरते ते बदलाच्या नियमावरून. एखाद्या जोडीत दिसते म्हणून नाही, ओळीने दिसते म्हणून. संस्कृतात जिथे 'स' तिथे इराणी भाषांत 'ह': सप्त-हफ्त, सिंधु-हिंदु, असुर-अहुर. म्हणून गावातला हरिनामाचा सप्ताह आणि आपला हप्ता हे खरेच चुलत भाऊ. संस्कृतात जिथे 'भ' किंवा 'ध', तिथे इराणीत श्वास गळून 'ब' किंवा 'द': भ्राता-बिरादर, भूमी-बूम. नमाज आणि नमस् ह्यांचेही नाते खरे आहे. नमाज अरबी नाहीच, फारसी आहे, अरबी शब्द सलात. हे मी मोकळेपणाने सांगतो, आणि सांगितल्यावर काही लोक टाळ्या वाजवायला उठतात: 'बघा, सगळे संस्कृतातूनच!' बसा. चुलत भावाला मुलगा म्हणत नाहीत. जुनी इराणी संस्कृतातून निघालेली नाही. दोघींची आई एक होती.

हाच नियम घेऊन फारसीकडे गेले तर गंमत होते. पारशांच्या अवेस्ता ग्रंथांत 'दएना' असा शब्द आहे: अंतर्दृष्टी, अंतरात्मा, धर्म. पुढे पहलवीत त्याचे 'देन' झाले. झरथुष्ट्री धर्मज्ञानाच्या मोठ्या ग्रंथाचे नाव 'देनकर्द'. पारशी महिन्याचा चोविसावा रोज 'दीन'. मुंबईचे दिनशा वाच्छा, १९०१ साली काँग्रेसचे अध्यक्ष, त्यांच्या नावातला 'दिन' हाच. आता दएनाचा धातू 'पाहणे' ह्या अर्थाचा, आणि 'ध'चा 'द' होतो हा नियम लावला की संस्कृतातला त्याचा नातेवाईक निघतो 'धी', 'ध्यान'. म्हणजे संस्कृतशी नाते जोडायचीच हौस असेल तर फारसी दीनच्या शेजारी ध्यान येऊन बसते. दैन्य कुठेच येत नाही. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने एवढी मेहनत घेतली असती तर त्याला जास्त चांगले काही सापडले असते. पण त्याला संस्कृतची हौस नव्हती, खिजवायची हौस होती.

अरबी दीनमधल्या 'धर्म' ह्या अर्थावर ह्या इराणी शब्दाची छाया आहे, असे अनेक अभ्यासक मानतात. न्यायाचा अर्थ सेमिटिक घरचा, धर्माचा अर्थ इराणी शेजारचा. इथे आमच्यातले काही अस्वस्थ होतात. कुराणात परका शब्द कसा असेल? त्यांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. हा वाद आजचा नाही, कुणा शत्रूने काढलेला नाही. इमाम शाफई ह्यांचे मत होते की कुराण निव्वळ अरबी आहे. दुसऱ्या बाजूला बाराव्या शतकात जवालीकी ह्यांनी अरबीत आलेल्या परक्या शब्दांचा कोशच केला, आणि १५०५ साली वारलेल्या सुयूती ह्यांनी तर कुराणातल्या अशा शब्दांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. सुयूतींचा ईमान त्याने कमी झाला असे कोणी म्हटलेले नाही. दुसरी गोष्ट आपल्या जवळची. आर्थर जेफ्री ह्यांचा कुराणातल्या परक्या शब्दांवरचा प्रसिद्ध इंग्रजी ग्रंथ १९३८ साली कुठे छापला गेला? बडोद्यात, गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये. महाराज सयाजीराव तेव्हा हयात होते. एका मराठी राजाच्या संस्थेने अरबी शब्दांच्या जन्मकथा छापल्या, आणि आज मराठीत आपण काय छापतो? हसणारे चेहरे.

पूर्वी मराठीला ही शिस्त होती. मोल्सवर्थच्या १८३१च्या कोशात शब्दापुढे छोटे अक्षर असते: संस्कृतसाठी एस, अरबीसाठी ए, फारसीसाठी पी. वाचणाऱ्याने मनात कल्पना लढवू नयेत म्हणून ती सोय. माधवराव पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन, ह्यांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश दिला. पुढे तेच भाषाशुद्धीच्या बाजूला गेले. ते मला पटत नाही, पण त्यांच्याशी भांडता तरी येते, कारण कोणता शब्द कुठून आला हे त्यांना नेमके ठाऊक होते. काढायचा शब्द आधी ओळखून मग काढू म्हणणारा माणूस होता तो. आजचे शुद्धीवाले 'पु. ना. ओक' पद्धतीचे. व्हॅटिकन म्हणजे वाटिका, ख्रिश्चॅनिटी म्हणजे कृष्णनीती. ह्यांना काही काढायचे नसते, सगळेच आपले म्हणायचे असते. आमच्या बाजूला असे कोणी नाही असे समजू नका. शेक्सपियर हा मुळात 'शेख झुबेर' होता, हा गद्दाफींच्या नावावर फिरणारा सिद्धांत त्याच कारखान्यातला माल.

आता त्या पालकांकडे येतो. भाऊ, 'दीनदुबळे' ह्या शब्दाने तुमच्या दीनला काहीही होत नाही. तो शब्द तुमच्या दीनचा नाहीच. आणि तो वाईटही नाही. मराठीत दीन ही शिवी कधी नव्हती. संतांनी तो स्वतःसाठी वापरला, देवाला दीनानाथ म्हटले. सत्यशोधक कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली वर्तमानपत्र काढले त्याचे नाव 'दीनबंधु'. पुढे ते नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी मुंबईत चालवले, गिरणी कामगारांसाठी. भालेकरांचे पुत्र मुकुंदराव पाटील ह्यांनी १९१० पासून 'दीनमित्र' चालवला, तोही नगर जिल्ह्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून. शेतकऱ्याची, कष्टकऱ्याची बाजू घेणाऱ्या लोकांनी हा शब्द आपल्या पत्राच्या माथ्यावर लावला. तुमच्या मुलाने त्या वाक्यात जे लिहिले त्याला उर्दूत 'मिस्कीनों की खिदमत' म्हणाल आणि खूश व्हाल. तो मिस्कीनही मराठीत आला, आणि इथे येऊन चक्क 'मिस्कील' झाला. गरिबाचा गालातल्या गालात हसणारा माणूस कसा झाला हे एकदा सवडीने लिहीन. तुम्ही मुलाच्या मराठीतून एकेक शब्द उपटत गेलात तर बोर्डाच्या पेपरात त्याचे गुण जातील, आणि त्याहून वाईट म्हणजे ही भाषा आपली नाही असे त्याला वाटू लागेल. नेमके तेच तो फॉरवर्ड लिहिणाऱ्यालाही हवे आहे.

त्या दहावीच्या मुलाला मी ह्यातले निम्मेही सांगितले नाही. फक्त 'उद्दीन' फोडून दाखवला. मधे 'अल' आहे. अरबीत द, र, स, न अशा काही अक्षरांपुढे अलचा ल स्वतःला त्या अक्षरात विरघळवतो, म्हणून अल-दीनचे अद्दीन होते आणि जोडताना उद्दीन. तू संधी शिकलास ना, तत् अधिक लीन म्हणजे तल्लीन? तिथे त् गेला, इथे ल गेला. त्याला ते आवडले. (अरबी संधी पाणिनीकडून गेली असा फॉरवर्ड आता कृपया कोणी काढू नका.) फॉर्म पूर्ण नावाने गेला. तो वर्गात ह्यावर काय बोलला ते मला ठाऊक नाही. चिडवणे एका दिवसात थांबत नसते.

शिक्षक बंधू-भगिनींना मात्र एक सांगणे आहे, विशेषतः पहिलीची नावे पटावर चढवणाऱ्यांना. 'उद्दीन' हे आडनाव नाही आणि वेगळे नावही नाही. 'शम्स उद्दीन' असे तोडून लिहिले की पुढे आधार, बँक, बोर्ड प्रत्येक ठिकाणी त्याचे वेगवेगळे तुकडे होतात. आमच्या ओळखीतल्या एका मुलाला बँकेचे पत्र 'श्री. उद्दीन' ह्या नावाने येते, म्हणजे 'श्री. चा-धर्म'. नाव जोडून लिहा. आणि 'अलाउद्दीन'मध्ये ल एकच. अला म्हणजे उंची, थोरवी. अलाउद्दीन म्हणजे धर्माची थोरवी. दोन ल घालून 'अल्लाउद्दीन' लिहिले की त्यात अल्लाह शिरतो, जो तिथे कधीच नव्हता. हीदेखील आवाजावरून केलेली व्युत्पत्तीच, आणि ती मी दुकानाच्या पाट्यांवर, लग्नाच्या पत्रिकांवर, खुद्द आमच्या लोकांच्या हातची पाहिली आहे.